लिन साहेबांना दिलेला रस्सा

आमच्या घरात पासपोर्ट आले तेव्हा ते ठेवायला कुलपाची जागा नव्हती. आईने ते फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले. गल्लीतलं कुणी बघायला आलं की ती आधी हात धुवायची, मग डब्यात कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढायची आणि तांदळाचं पीठ फुंकून दाखवायची. उत्तर नागपुरात आमचं दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर होतं. बाबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदना घेत. मी तेव्हा अकरावीत, धाकटी मित्रा सातवीत. गल्लीत परदेश पाहिलेला माणूस एकच होता, तोही फौजेतून लढाईवर गेलेला. अशा घरातली चार माणसं विमानात बसून तैवानला जाणार, हे लोकांना पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही पटत नव्हतं. तैवान कुठे आहे हे विचारायला येणाऱ्यांना मी शाळेच्या नकाशात बोट ठेवून दाखवायची. बोटाखाली ते अख्खं झाकलं जायचं.

हे सगळं घडलं लिन साहेबांमुळे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षेच्या मैदानावर लाखो माणसं येतात, आणि त्या गर्दीत परदेशातले उपासकही असतात. काही वर्षांपूर्वी असाच एक तैवानचा जथा आमच्या विहारात उतरला होता. त्यातले लिन नावाचे एक वयस्क गृहस्थ तापाने आणि जुलाबांनी आडवे झाले. जथ्याला पुढच्या तीर्थाला जायचं होतं, गाडीची तिकिटं काढलेली होती. बाबा म्हणाले, "ठेवा इथीच. माणूस आहे, पार्सल थोडीच आहे." आणि लिन साहेब आमच्या पुढच्या खोलीतल्या एकुलत्या एक पलंगावर आले. आम्ही चौघे मागच्या खोलीत चुलीजवळ झोपायला लागलो.

आईने आधी भाताची पेज दिली. ती पोटात टिकेना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जुलाब थांबले, पण माणूस उठेना, डोळे खोल गेलेले. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाळंतीण असो, हाड मोडलेला असो की तापातून उठलेला असो, त्याला बकऱ्याच्या पायाचा रस्सा द्यायचा. बाबा पहाटे सायकलवरून कामठीला जाऊन ताजे पाये घेऊन आले. आईने ते भाजले, खरवडले, दिवसभर मंद आचेवर शिजवले, आणि तो रस्सा जड पडू नये म्हणून मुगाच्या पाण्यात मिसळून, मिरे-आलं घालून, धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळून घेतला. वाटीत दिसायचं ते पिवळं, पातळ, वाफाळतं पाणी. लिन साहेब ते डोळे मिटून प्यायचे. दोन-तीन दिवसांत उठून बसले, आठवडा संपता संपता अंगणात फिरायला लागले. आम्हा मुलींना त्या हंडीजवळ फिरकायची बंदी होती. घरात मटण शिजायचं ते पगाराच्या रविवारी, आणि हे तर फक्त पाहुण्यासाठी होतं. मित्रा वासाने रडायला लागली तेव्हा आईने तिला शेजारच्या घरी नेऊन बसवलं. आम्ही त्या आठवड्यात चटणी-भाकर खाल्ली.

त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्ही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं आम्हाला वाटलं. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडून शिकलेला एकच शब्द म्हटला, "ताई." मग दर नव्या वर्षाला रंगीत कार्ड येत राहिलं, आणि एके दिवशी तिकिटं आली.

प्रवासाचं फारसं आठवत नाही. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, मग विमान, हाँगकाँगला एका ऑफिसात व्हिसासाठी बसून राहणं, पुन्हा विमान. आठवते ती लाज. बाबांनी शेजारच्या पोस्टमनचा कोट मागून आणला होता, आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. आईने दोन कापडी पिशव्यांत लाडू, शेव, तिखट, लोणचं आणि ज्वारीचं पीठसुद्धा घेतलं होतं. हाँगकाँगच्या विमानतळावर लोणच्याची बरणी उलटली आणि त्या चकचकीत फरशीवर तेलाचा ओघळ गेला. आई पदराने फरशी पुसायला खाली बसली. मी दहा पावलं दूर जाऊन उभी राहिले, जणू मी दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते. इंग्रजी येणारी घरात मी एकटी, त्यामुळे सगळीकडे पुढे मलाच व्हावं लागायचं, आणि मागे वळून बघितलं की ही तीन माणसं हातात हात धरून उभी.

लिन साहेबांचं घर ताइनानला होतं. ते जुनं शहर आहे, समुद्राच्या जवळ. त्यांचा धंदा होता शेवयांचा. घराच्या मागे मोठं अंगण होतं आणि त्यात बांबूच्या चौकटींवर शेवयांच्या लांबच लांब लडी वाळत घातलेल्या असायच्या. वारा आला की सगळं अंगण हलायचं. हे बघितलं आणि नागपूर सोडल्यापासून आईच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. "अवं शीले, हे तर आपल्यासारखंच करून राहिले!" म्हणत ती सरळ आत घुसली आणि कामावरच्या बायांमध्ये उभी राहून एका हाताने लड ताणायला लागली. बायांनी आधी हसून तोंडावर हात ठेवला, मग तिला जागा करून दिली. भाषेचा एक शब्द कळत नसताना ती तासभर तिथे रमली. मी वरच्या खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, अरे बापा, आता ही पदर खोचून बसणार की काय. ती बसलीच.

लिन साहेबांची सून मेई शाळेत इंग्रजी शिकवायची. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, हसरी, आणि मला पहिल्याच दिवशी मैत्रीण मानून बसली. त्यांच्याशी आमचं जे काही बोलणं झालं ते तिच्या आणि माझ्या इंग्रजीतून. लिन साहेबांना स्वतःला थोडं मोडकं इंग्रजी यायचं. तिचा नवरा वेन हा लिन साहेबांचा एकुलता एक मुलगा, आडवातिडवा, सदा घामाघूम, शेवयांची गाडी चालवणारा. बाबांना त्याने पहिल्या भेटीतच मिठी मारली आणि पोस्टमनच्या कोटाची शिवण उसवली.

पहिल्या संध्याकाळचं जेवण मी विसरणार नाही. गोल टेबल, मध्ये फिरणारी चकती, आणि त्यावर मासा, बदक, लाल रश्श्यातले मटणाचे तुकडे. माशाला काळं कातडंही होतं. मित्राने डोळे एवढे मोठे केले. बाबा म्हणाले, "पाहा, किती मान केला आपला." आम्ही काड्यांशी झटापट करत होतो. शेवटी वेनने चमचे आणून दिले, आणि मग आम्ही जेवलो ते मनापासून जेवलो. मी मेईला म्हटलं, "मासा फार छान आहे." ती टाळ्या वाजवून हसली. मासा नव्हताच तो. सोयाबीनच्या दुधाची साय, वर समुद्रातल्या शेवाळाचं कातडं. बदकही तेच, मटणही तेच. "या घरात मांस शिजत नाही," मेई म्हणाली. "वेन दोन वर्षांचा असताना तापाने मरायला टेकला होता. तेव्हा सासऱ्यांनी बुद्धासमोर शब्द दिला, हा जगला तर मी जन्मात मांस तोंडात घालणार नाही. पंचवीस वर्षं झाली, एकदाही मोडलं नाही." आणि तिने कौतुकाने पुढे जोडलं, "तुमच्या देशात तर सगळे बौद्ध असेच असतील ना?"

माझ्या तोंडातला घास तिथेच राहिला. मी नुसती मान हलवली. लिन साहेब टेबलापलीकडून आईकडे बघून हसत होते आणि पाहुण्यांना काहीतरी सांगत होते. ‘ताई’ हा शब्द मला ऐकू आला. मेईने लगेच सांगितलं की ते सांगताहेत, या बाईंच्या हातच्या सुपाने मी मरणातून परत आलो.

खोलीत आल्यावर मी दार लावलं आणि आई-बाबांना सगळं सांगितलं. आई पलंगाच्या कडेला बसली होती. मग तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी, "तो पोरगा खोकलत होता का वं जेवताना?"

"कोण, वेन? मिरची लागली त्याले," मी म्हटलं.

"मले तर जोरात खोकलल्यासारखा वाटला."

बाबा चिडले. "हे पाहा, नवस-बिवस आपण मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण. कोणाच्या खाण्यानं कोणाचा पोरगा मरत नसते. आणि त्याईनं जाणूनबुजून थोडी खाल्लं? गोष्ट खतम करा. कोणी काही बोलायचं नाही."

"आपण नाही मानत," आई म्हणाली. "पण ते मानतात ना."

"म्हणून तर सांगायचं नाही! त्या माणसाचं पंचवीस वर्षांचं एका मिनिटात मातीत जाईन. काहून सांगायचं?"

पण त्या दिवसापासून आमच्या सहलीत एक पाचवं माणूस आल्यासारखं झालं, आणि ते सगळीकडे आमच्याबरोबर फिरलं.

फिरलो मात्र खूप. लिन साहेबांनी आम्हाला काय दाखवलं नाही! छोट्या रुळांवरून कण्हत चढणाऱ्या आगगाडीतून आम्ही उंच डोंगरावर गेलो आणि ढगांच्या वरून सूर्य उगवताना पाहिला. थंडीने मित्राचे दात वाजत होते आणि लिन साहेबांनी स्वतःचा मफलर तिच्या डोक्याला बांधला. डोंगरांच्या मधोमध असलेल्या मोठ्या तळ्यात नावेतून फिरलो. देवळांच्या दारात लाल कंदील, छपरांवर रंगीत ड्रॅगन, आत धुराचे लोट. बाजारात किसलेल्या बर्फाचा ढीग आणि त्यावर आंब्याच्या फोडी. मऊ लुसलुशीत टोफू, त्यावर आल्याचा गोड पाक. सुक्या आलूबुखाराची आंबट पूड लावलेले पेरू. आणि एक असा तळलेला टोफू की ज्याच्या वासाने मित्रा आणि मी नाक धरून पळालो आणि बाबांनी दोन प्लेटी खाल्ल्या. बाबा म्हणाले, मिलच्या गटारापेक्षा बरा आहे. सकाळच्या न्याहारीला पातळ भात, शेंगदाणे, लोणची असायची. आईने त्यात आपलं तिखट कालवलं, वेनने तिच्याकडून चिमूटभर मागितलं, आणि तो ठसकला. आईचा चेहरा पांढरा पडला. ती उठून त्याची पाठ चोळायला लागली, आणि घरातल्या सगळ्यांना ती माया वाटली. मला आणि बाबांना माहीत होतं ती कशाला घाबरली होती.

एका डोंगरावर काळ्या बुद्धाची भलीमोठी मूर्ती होती, इतकी मोठी की तिच्या आत जिने होते. बाबांनी चपला काढल्या, गुडघे टेकले, आणि विहारात म्हणतात तशी मोठ्याने वंदना सुरू केली. तिथे सगळे लोक उदबत्ती लावून मुकाट नमस्कार करत होते. बाबांचा गिरणीच्या आवाजावर मात करायला सरावलेला गळा त्या डोंगरभर घुमला. माणसं थांबून बघायला लागली. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मग काही म्हाताऱ्या बायका हात जोडून बाबांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि लिन साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बुद्धाच्या देशातली भाषा, ते मेईला म्हणाले, बुद्धाच्या देशातली शुद्ध माणसं. बाबा गुडघ्यांवरून उठले तेव्हा आमची नजरानजर झाली, आणि त्यांनी ती लगेच दुसरीकडे वळवली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. खोटं बोललं म्हणून त्यांनी मला एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं. त्यांना नजर चोरायची सवय नव्हती.

मग एका सकाळी लिन साहेबांनी जाहीर केलं की पौर्णिमेला त्यांच्या उपासक मंडळातले लोक घरी जेवायला येणार आहेत, आणि ताईंनी ते सूप करावं. मेई शिकून घेईल, म्हणजे दरवर्षी त्या दिवशी या घरात ते होत जाईल.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा आईच्या हातात शेंगदाण्यांची वाटी होती. तिने ती हळूच खाली ठेवली. बाबांना मात्र हायसं वाटल्यासारखं झालं. "मुगाचं पाणी कर," ते म्हणाले. "मिरे टाक, आलं टाक, हळद टाक. रंग तोच, वास तोच. कोणाले आठवून राहिलं आता?"

बाजारात मेई आमच्याबरोबर आली. तिने वही-पेन्सिल आणली नव्हती हेच नशीब. ती सगळं तोंडाने पाठ करत होती. मूग, आलं, मिरे. भाजीच्या गल्लीतून पुढे गेलो तर मांसाची गल्ली लागली. एका दुकानात लोखंडी आकड्यांना खुरांसकट पाय टांगले होते, डुकराचे असावेत. मेई सहज म्हणाली, "चला लवकर, तुम्हाला बघवणार नाही." आणि तिने आईच्या डोळ्यांवर आपला हात धरला. आई त्या हाताखाली आंधळ्यासारखी चालत राहिली. मी मागून येत होते. आज साठी ओलांडलेल्या मला विचाराल तर, आयुष्यात मी पुष्कळदा लाजले आहे, जातीवरून कुणी घर नाकारलं तेव्हा, वर्गात फी मागितली तेव्हा. पण त्या लाजा दुसऱ्यांनी दिलेल्या होत्या आणि त्यांच्यावर रागावता येत होतं. त्या गल्लीतल्या लाजेवर रागवायला कुणी नव्हतं.

पौर्णिमेचं जेवण छान झालं. मंडळातले लोक आले, राखाडी झग्यातल्या दोन भिक्षुणीही आल्या. आईने मोठं पातेलंभर मुगाचं पाणी केलं होतं, गाळून, मिरे घालून. लोकांनी वाहवा केली, पुन्हा पुन्हा घेतलं. आई कोपऱ्यात हात जोडून उभी होती. लिन साहेबांनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग वाटी अर्धी ठेवून ते पाहुण्यांशी बोलायला लागले.

दुपारी सगळे गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं: पांढऱ्या फरश्या, स्टीलचा ओटा, एका रांगेत टांगलेले झारे. आम्ही तिथे भांडी पुसत होतो, बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. लिन साहेब टेबलाशी बसले, आपली अर्धी राहिलेली वाटी त्यांनी स्वतःच आणली होती. संकोचाने म्हणाले, "चांगलं झालं होतं. पण ते हे नव्हे. त्या वेळच्यात आणखी काहीतरी होतं. ते प्यायलं की अंगात बळ यायचं. मला अजून जिभेवर आठवतं. मेईला नीट सांगा, काय राहिलं?"

मी मराठीत सांगितलं. बाबा चटकन म्हणाले, "तुमच्याकडचा मूग वेगळा, म्हणा. पाणी वेगळं, म्हणा."

"शीले," आई म्हणाली, "सांग त्याईले."

"शीले, चूप."

"आता किती दिवस फसवाचं त्याईले? उद्या त्या लोकाईसमोर दरवर्षी हेच सूप, हेच सूप. सांग."

मी दोघांच्या मध्ये फडकं धरून उभी. आणि खरं तर मला सांगता येत नव्हतं. बकरीचा शब्द येत होता, मटणाचा येत होता, पण पायाच्या रश्श्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि नुसतं ‘मटण’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. मी "सूप... त्यात..." असं म्हणून अडकले. मेई माझ्याकडे उत्सुकतेने बघत होती. मग आईने हातातलं ताट ठेवलं. ती लिन साहेबांच्या समोर गेली, वाकली, लुगडं घोट्यावर उचललं आणि हाताच्या कडेने आपल्या घोट्यावर तोडल्यासारखं मारलं. दोनदा. आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ती बकरीसारखी ओरडली. बेंऽऽ. मग बोटाने त्यांची वाटी दाखवली.

त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात माझी आई, वाकलेली, घोटा धरून, बेंबें करणारी. मला वाटलं मी आता मरून जाईन. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते. वय वाढलं की लाज जाते म्हणतात, माझी ही गेली नाही.

लिन साहेबांना कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, तेच वाईट होतं. त्यांनी वाटीवर तळहात ठेवला. बाहेर अंगणात वेन कुणाला तरी ओरडून हसत होता. तो आवाज आला तशी त्यांची मान तिकडे वळली, आणि तो पुन्हा हसेपर्यंत ती वळलेलीच राहिली. आई सरळ उभी राहिली होती. तिने दोन्ही हात जोडले होते, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बाबा स्टुलावर मान घालून बसले होते.

मग लिन साहेब मेईशी हळू आवाजात बोलले. मेईचे डोळे भरले होते, पण तिने नीट, एकेक शब्द सुटा करून मला सांगितलं. जुन्या ग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे. भिक्षूच्या भिक्षापात्रात लोकांनी आपल्या घरी शिजवलेलं मांस वाढलं, तर त्याला दोष नाही. पण ते जनावर खास त्याच्यासाठी कापलं असेल, त्याच्यासाठी म्हणून आणलं असेल, तर त्याच्या जिवाचं ओझं त्याच्यावर येतं. सासऱ्यांना एवढंच विचारायचं आहे, मेई म्हणाली. तुमच्या घरी त्या दिवशी तुमच्यासाठी शिजत होतं, त्यातलंच त्यांना दिलं? की त्यांच्या एकट्यासाठी आणलं होतं?

मी हे आईला सांगितलं. सांगताना माझ्या मनात आलं, आता निदान एक गोष्ट तरी आपल्या बाजूची आहे. आता त्यांना कळेल की त्या आठवड्यात आम्ही काय खाल्लं, बाबा पहाटे कुठे सायकल मारत गेले, मित्रा का रडत होती. निदान एवढं तरी या माणसांना कळू दे की आम्ही कोण आहोत. मी उत्तर जवळजवळ इंग्रजीत जुळवूनही ठेवलं होतं.

आईने क्षणभरही विचार केला नाही. "सांग त्याईले," ती म्हणाली, "आमच्या पोट्ट्याईसाठी आणले होते म्हणा. रोजच्यासारखं हंडीभर शिजवलं. आमी सगळ्याईनं पोटभर खाल्लं, आणि त्यातलंच वाटीभर त्याईले देल्लं. त्याईच्यासाठी काही नोहोतं केलं, म्हणा."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. मला वाटलं आता ते उठणार, आता गळा घुमणार. ते आईकडे बघत होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून अगदी थोडी, कुणाला दिसू नये अशी मान हलवली. सांग.

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितलं. लिन साहेबांनी छातीतून श्वास सोडला, डोळे मिटले आणि वाटीवरचा हात काढला. गार झालेलं ते मुगाचं पाणी त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं. मेईला म्हणाले की हेच शीक, हेच चांगलं आहे. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, मेईला मध्ये न घेता, त्यांनी मलाच विचारलं, "तू पण खाल्लंस? तू, आणि ती लहान?"

आईला प्रश्न कळला नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हाँगकाँगच्या फरशीपासून त्या शेवयांच्या अंगणापर्यंत मी तिच्यापासून लांब लांब उभी राहत आले होते, आणि आता आम्ही दोघी एका टेबलाच्या एकाच बाजूला होतो. तिला माझ्याकडून कौतुक नको होतं. तिला फक्त एक ‘हो’ हवा होता.

"हो," मी म्हटलं. "आम्ही पोटभर खाल्लं. तुमच्या आधी आम्हीच खाल्लं."